सोयाबीनच्या काढणीत आलेली आवृत्ती

माझ्या धाकट्या नणंदेला बरीच वर्षं वाटत होतं की मी घरबसल्या लग्नं जमवते. त्यात तिची चूक नाही. नांदेडला आमच्याकडे येऊन ती दुपारी आडवी झाली की तिच्या कानावर माझं फोनवरचं बोलणं पडायचं. "तारीख पक्की झाली का? तिकडचे लोक थांबायला तयार नाहीत. आपल्याकडचं अजून काहीच तयार नाही, कसं करायचं?" शेवटी एकदा तिने पुतणीची पत्रिका माझ्या हातात आणून दिली. मग मी तिला समोर बसवून सांगितलं की मी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांसाठी मराठी भाषांतर वेळेवर पोहोचवण्याचं काम करते. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते असू द्या वहिनी, पण एखादं स्थळ बघून ठेवा."

तेव्हा हे काम काय असतं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे फराळाला आलेल्या पाहुण्यांना पुन्हा पुन्हा सांगत बसायला नको.

आमच्या प्रोग्रामचं मूळ नाव परदेशी आहे आणि ते आपल्या तोंडात बसत नाही, म्हणून आम्ही त्याला 'दावण' म्हणतो. जनावरं पाळणाऱ्यांसाठी आहे तो. कोणती गाय कोणाची, तिची आई कोण, वळू कोणता, लस कधी दिली, कधी व्याली, हे सगळं त्यात नोंदवायचं. ओपन सोर्स म्हणजे देशोदेशींच्या लोकांनी मिळून बनवलेला आणि कोणालाही फुकट वापरता येणारा. वर्षातून दोनदा त्याची नवी आवृत्ती निघते. प्रत्येक वेळी त्यात नवी बटणं, नव्या सूचना, नवी वाक्यं येतात आणि ती त्या त्या भाषेत जावी लागतात. मी स्वतः भाषांतर करत नाही. भाषांतर करणाऱ्यांच्या मागे लागते. एका तंत्रनिकेतनात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झाले, तेव्हा लोकांच्या मागे लागण्याचा अनुभव पुष्कळ होता.

या कामात तीन तारखा महत्त्वाच्या. पहिली गोठवणीची. त्या दिवसानंतर प्रोग्रामातल्या इंग्रजी वाक्यांना प्रोग्रामरांनी हात लावायचा नाही. दुसरी भाषांतराची शेवटची तारीख. त्या दिवशी त्यांच्या दुपारी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, मार्टिन नावाचा आमचा परदेशातला प्रमुख सगळ्या भाषांची भाषांतरं उचलतो. तिसरी आवृत्ती बाहेर पडण्याची. दुसऱ्या तारखेला ज्या भाषेचं काम ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी भरतं, ती भाषा त्या आवृत्तीतून गळते. मग पुढचे सहा महिने वापरणाऱ्याच्या मोबाइलवर सगळं इंग्रजीत दिसतं. नियम साधा आहे, आणि तो मोडण्यासाठी जगातले सगळे लोक जिवापाड मेहनत घेतात.

एकदा गोठवण झाल्यावर एका हुशार प्रोग्रामरने सगळ्या सूचनांच्या शेवटची तीन टिंबं काढून टाकली. त्याच्या नजरेला ती बरी दिसत नव्हती. इंग्रजी वाक्य तसूभर जरी बदललं तरी त्याचं भाषांतर शंकास्पद ठरतं आणि मोजणीतून बाहेर पडतं. एका दुपारी आमचं निम्मं मराठी बाद झालं. मी मार्टिनला चांगलं खरमरीत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "समजलं, धन्यवाद." तो माणूस सभ्य आहे, पण त्याच्याशी भांडायला मजा येत नाही. इकडे आपल्यात एक सद्गृहस्थ 'स्वागत आहे' एवढ्याच वाक्याचं भाषांतर करून गेले आणि त्याचं प्रमाणपत्र मागायला लागले. ते चौकटीत लावणार होते.

पण खरा ताप तारखांचा. तिकडे नाताळात कोणी आवृत्ती काढत नाही, कारण सगळे सुटीवर असतात. इकडे मात्र आवृत्ती नेमकी सोयाबीनच्या काढणीत येते. आमचे भाषांतर करणारे सगळे मराठवाड्यातले, निम्मे शेतातले. मी मार्टिनला आपल्याकडचं वर्ष लिहून कळवलं. मृगाची पेरणी, पोळा, गणपती, काढणी, दिवाळी, हरभऱ्याची पेरणी, लग्नसराई, रमजान. त्याने विचारलं, "मग तुमचे लोक काम कधी करतात?" मी लिहिलं, "हेच काम आहे. तुमचं ते वरचं." एवढा वाद घालून मी एक आठवडा वाढवून घेतला. एका भाषेसाठी अख्ख्या प्रकल्पाची तारीख हलली, असं आमच्यात क्वचितच होतं, आणि मी ते घरात ज्याला त्याला सांगत फिरले.

आता तो आठवडा कोणासाठी हवा होता ते सांगते.

देवणीजवळच्या एका खेड्यात भागीरथीबाई म्हणून आहेत. देवणी गाईंची पैदास करणाऱ्यांचं तिथे एक छोटं मंडळ आहे आणि मंडळाच्या सगळ्या जनावरांच्या नोंदी दावणमध्ये भरण्याचं काम भागीरथीबाईंकडे आहे. कोणती कालवड वानेरा रंगाची, कोणती शेवरा रंगाची, कोणत्या वळूची, हे सगळं त्या मोबाइलवर भरतात. सातवी शिकलेल्या. मराठी झरझर वाचतात, इंग्रजी अजिबात नाही. दीड वर्षापूर्वीच्या आवृत्तीत आमचं काम अपुरं राहिलं. भाषा गळली नाही, पण पडदा अर्धा मराठी आणि अर्धा इंग्रजी झाला. एका गाईची नोंद दुरुस्त करताना इंग्रजीत काहीतरी विचारणा आली. बाईंनी 'पुढे' समजून बटण दाबलं आणि त्या गाईची तीन पिढ्यांची नोंद पुसली गेली. गाय गोठ्यात रवंथ करत उभी होती आणि मोबाइलात तिचा मागमूस नव्हता.

बाईंनी मला फोन करून एवढंच विचारलं, "ताई, हे परत आणता येतं का?" येत नव्हतं. पुढे त्यांनी दारोदार फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून ती नोंद पुन्हा भरली. पण मंडळाच्या बैठकीत अंकुशराव नावाचे एक सभासद सगळ्यांसमोर म्हणाले, बाईमाणसाच्या हाती मोबाइल दिला की असंच व्हायचं. हे काम त्यांना आपल्या मुलासाठी हवं होतं. बाकीच्यांनी ठरवलं की आणखी एकदा बघू, पुन्हा चूक झाली तर काम दुसऱ्याकडे. मधल्या आवृत्त्यांत आम्ही ती विचारणा मराठीत आणली होती, पण या वेळी प्रोग्रामरांनी सगळ्या सूचना नव्याने लिहिल्या होत्या. म्हणजे या वेळी मराठी गळली असती तर भागीरथीबाईंचं काम गेलंच होतं. मला हे पक्कं माहीत होतं आणि तारखेकडे बघताना दुसरं काही दिसत नव्हतं.

आमचे मुख्य भाषांतर करणारे दोन. भोकरजवळचा विठ्ठल, एम.ए. झालेला, घरची शेती करतो. आणि लातूरची अर्चना, एका शाळेत शिकवते. दोघांनी केलेलं सगळं तपासायचं काम काझी सरांचं. काझी सर म्हणजे उदगीरचे निवृत्त मराठीचे शिक्षक. आमच्या पद्धतीत लिहिणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा. सरांनी मंजूर केलेलं वाक्यच मोजणीत धरलं जातं. सर कडक. त्यांची रीत शाळेतली होती. एक खेप तपासायची, चुकांवर 'पुन्हा पाहावे' अशी खूण करायची, आणि ती खेप दुरुस्त होऊन परत आल्याशिवाय पुढच्या खेपेला हात लावायचा नाही. चूक स्वतः दुरुस्त करायची नाही, ज्याची त्याने करायची. हे सगळं चालायचं, कारण सर रोज संध्याकाळी फोन करायचे. "विठ्ठल, आणलं का रे?" एवढं त्यांनी विचारलं की विठ्ठल नांगर सोडून पळायचा.

या वेळी गोठवण होऊन बरेच दिवस गेले तरी मराठीचा आकडा जागचा हलेना. मी विठ्ठलला फोन केला.

"झालंच म्हणा की, ताई."

विठ्ठलच्या बोलण्याचा मला सराव आहे. 'करून राहिलो' म्हणजे अजून सुरू केलेलं नाही. 'झालंच म्हणा' म्हणजे सुरू केलेलं आहे. पण या वेळी मी उघडून पाहिलं तर खरंच झालेलं होतं. खुणा केलेली वाक्यंसुद्धा त्याने दुरुस्त करून ठेवलेली. फक्त सरांकडे पाठवलेली नव्हती. अर्चनाचंही तसंच.

"अरे, मग पाठवली का नाहीस?"

"सरांनी मागितलंच न्हाई की."

"सर मागणार, मग तू पाठवणार?"

"ताई, चाची उन्हाळ्यात गेल्या. घरात असं झाल्यावर माणसाच्या मागं कामाचा तगादा कसा लावायचा? पाठवलं की सरांना वाटल, पोरं म्हणतेत लवकर तपासा. बरं दिसतं का ते? थोरलं माणूस हाय."

सरांच्या पत्नी उन्हाळ्यात वारल्या होत्या. आम्ही सगळे भेटायला गेलो होतो, चाळिसाव्या दिवशीही मी जाऊन आले होते. त्यानंतर सरांचे रोजचे फोन यायचे थांबले आणि आम्ही तिघांनीही त्यांना केला नाही. अर्चनाला विचारलं तर तीही हेच म्हणाली, "मॅडम, कसं विचारायचं?" मला राग आला. सगळं काम तयार, करणारे तयार, तारीख डोक्यावर, आणि मधे फक्त मान. आमच्याकडच्या माणसांना कोणाचा अपमान करायचा नसतो, मग भले त्यापायी अख्खी भाषा बुडाली तरी चालेल. मार्टिनला हे कोणत्या शब्दांत कळवायचं ते मला सुचेना. मी सरांना फोन लावला. सूनबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "अब्बू बसलेत, पर आजकाल कुणाशी बोलत न्हाईत जास्त." मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुखेडमार्गे जाणारी उदगीरची एस.टी. पकडली. तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी मार्टिन भाषांतरं उचलणार होता.

सरांच्या मुलाचं खाली मोटार वायंडिंगचं दुकान आहे आणि वर घर. सर पुढच्या खोलीत टेबलापाशी बसले होते. समोर लॅपटॉप उघडा. पडद्यावर आमचंच पान होतं. सर वाळलेले दिसले.

"या मॅडम," ते म्हणाले. "आज वाट चुकलात का?"

मी बसले, पाणी प्यायले, सूनबाईंनी चहा आणला. सरांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"रोज सकाळी हे उघडतो. खुणा करून ठेवल्यात, त्याला किती दिवस झाले. कोणी काही पाठवत नाही. मला वाटलं, पोरांना नवा तपासणारा मिळाला. मिळू दे. मी काय, म्हातारा माणूस."

"सर, पोरांनी सगळं दुरुस्त करून ठेवलंय. तुम्हाला त्रास नको म्हणून पाठवलं नाही."

"त्रास?" सर एकदम मोठ्याने म्हणाले. "मॅडम, या घरात दिवसभर मी काय करत असेन असं वाटतं तुम्हाला? ती होती तेव्हा संध्याकाळी म्हणायची, झाला का तुमचा फोन त्या पोरांना? तिच्या मागे मला कोणी आठवण करून देणारं राहिलं नाही. मीच वाट बघत होतो की एखादा तरी विचारील."

इतका वेळ मी विठ्ठलवर आणि अर्चनावर चिडलेली होते, आणि मला स्वतःलाही सुचलं नव्हतं की सरांना कामच हवं असेल. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण भिंतीवर घड्याळ होतं आणि वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. मी तिथूनच विठ्ठलला फोन लावला. पलीकडून मळणी यंत्राचा धडधडाट.

"विठ्ठल, सगळं पाठव. आत्ता."

"ताई, मशीन आलंय, सोयाबीन चालू हाय. आज गेला तर मशीनवाला पुन्ना आठ दिवस फिरकत न्हाई."

"तुला यंत्र सोडायला कोण म्हणतंय? मोबाइलवरून बटण दाब."

"हितं नेटची रेंज न्हाई. अन् सर काय म्हणतील?"

"सर इथं माझ्यासमोर बसलेत."

मग विठ्ठलचा आवाज एकदम खाली आला. "सलाम सर."

सरांनी फोन हातात घेतला. "आणलं का रे?" ते म्हणाले.

विठ्ठल रेंजसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला आणि तिथून त्याने सगळ्या खेपा पाठवल्या. अर्चनालाही मी फोन केला, तिने शाळेच्या मधल्या सुटीत पाठवल्या. सरांच्या पडद्यावर वाक्यांची रांग लागली आणि सरांनी चष्मा पुसला. मला हायसं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही, कारण सरांनी पहिल्या वाक्यापासून वाचायला सुरुवात केली. पहिली वाक्यं म्हणजे प्रोग्रामची माहिती, तो कोणी बनवला, आभार, परवाना. ती जगात कोणी वाचत नाही. सर एकेक वाक्य दोनदा वाचत होते.

"सर, आधी सूचना घेऊ या. पुसण्याच्या, बदलण्याच्या. आभार शेवटी."

"मॅडम, वही पहिल्या पानापासून तपासतात."

"सर, संध्याकाळी हे सगळं उचलून नेणार आहेत. आभार मंजूर झाले आणि सूचना राहिल्या तर?"

"तर पोरांनी आधी पाठवायचं होतं."

आता माझ्याही सहनशक्तीचा अंत आला होता. आयुष्यभर मी वेळापत्रकं आखली, आणि वेळापत्रकाचा अर्थ एवढाच की कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर. तेवढी एक गोष्ट कोणालाच पटत नाही. मी सरांशी वाद घालत बसले नाही. भागीरथीबाईंना फोन लावला आणि फोन सरांच्या हातात दिला. म्हटलं, "या आपल्या वाचक. तुम्हीच विचारा, काय आधी पाहिजे."

सरांनी विचारलं. बाई फोनवर जोरात बोलतात, मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, मला आभार-बिभार काय करायचं? मला येवढंच पाहिजे की गाय पुसायच्या आधी त्यानं मराठीत विचारावं. एकदा पुसली माझ्या हातून. आता पुन्हा झालं तर अंकुशराव म्हणतेत की काम माझ्या पोराला द्या. मी पहाटं उठून, धारा काढून, मग गावभर हिंडून ह्या नोंदी करते. लोक मला आता 'नोंदीवाल्या बाई' म्हणतेत. आधी कुणी नावानं बी वळखत न्हवतं."

सरांनी फोन ठेवला. पडद्यावर पुसण्याच्या सूचना शोधून काढल्या आणि त्या आधी वाचायला घेतल्या. प्रत्येक वाक्य ते मोठ्याने म्हणत आणि मला विचारत, "ही बाई हे वाचून थांबेल का?" दोन ठिकाणी त्यांनी पुन्हा खुणा केल्या आणि विठ्ठलने ट्रॉलीवर उभं राहून दुरुस्त करून दिलं. मळणीवाला त्याच्यावर ओरडत होता, तेही ऐकू येत होतं. पुसणं, बदलणं, एका गाईची नोंद दुसरीत मिसळणं, लस चुकल्याचा इशारा, सगळं सरांनी वाचून मंजूर केलं. सूनबाईंनी जेवायला वाढलं तेव्हा ताट बाजूला ठेवून ते वाचत राहिले.

दुपार उतरली. आकडा वर सरकत होता, पण हव्या त्या ठिकाणी पोहोचत नव्हता. मी हिशेब करून पाहिला. सर याच वेगाने वाचत राहिले तर आकडा गाठायला उद्याची दुपार झाली असती. सूचना सगळ्या नीट झाल्या होत्या आणि तरीही मराठी गळणार होती, म्हणजे झालेल्या सूचनाही कोणाला दिसणार नव्हत्या. मार्टिनला थोडा वेळ मागून पाहिला. "क्षमस्व, एकदा वाढवलं आहे," असं उत्तर आलं.

"सर," मी म्हटलं, "उरलेलं न वाचता मंजूर करावं लागेल."

"माझ्याकडून होणार नाही. न वाचता मी कोणाच्या वहीवर सही केली नाही."

"माझ्याकडे सगळं एकदम मंजूर करण्याचं बटण आहे."

सरांनी चष्मा काढला. "तुमच्याकडे आहे? पहिल्यापासून?"

"हो."

"मग नांदेडला बसूनच दाबायचं होतं की. इतक्या लांब एस.टी.चे धक्के खात कशाला आलात?"

"तुम्हाला विचारायला."

खालच्या दुकानात कोणीतरी मोटार चालू करून बघत होतं. सरांनी रुमालाने डोळे पुसले, लपवायचा प्रयत्न केला नाही.

"उरलेल्यात विठ्ठलचं किती आणि अर्चनाचं किती?"

"बहुतेक विठ्ठलचं."

"पोरगं आळशी आहे, पण लिहितं नीट. दाबा. उद्या सकाळपासून मी एकेक वाचणार. चुका निघाल्या तर तुमच्या नावावर, सांगून ठेवतो."

मी दाबलं. आकडा हव्या त्या रेघेच्या वर गेला. मार्टिनने ठरल्या वेळी भाषांतरं उचलली आणि निरोप पाठवला, "मराठी मिळालं, धन्यवाद." मी तो सरांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, एवढंच? मी म्हटलं, त्याच्या मानाने हे फार झालं. मग सर आणि मी उशिरा जेवलो. मी निघाले तेव्हा सर विठ्ठलला फोनवर झापत होते आणि दोघेही खुशीत होते. दुसऱ्या दिवसापासून सरांनी उरलेल्या वाक्यांत चुका काढायला सुरुवात केली. बऱ्याच निघाल्या. त्या सगळ्या त्यांनी माझ्या नावावर लिहिल्या आहेत.

आवृत्ती दिवाळीच्या तोंडावर बाहेर पडली. भागीरथीबाईंच्या मोबाइलवर ती आपोआप येणार होती. त्या दिवशी मी फोन हातात घेऊन बसले. चकल्या तळतानासुद्धा तो ओट्यावर होता. बाईंचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नाना शंका आल्या. पुसली का आणखी एखादी गाय? काम गेलं म्हणून बाई रागावल्या का? शेवटी मला राहवेना, मीच लावला.

"भागीरथीबाई, नवीन आलं का मोबाइलवर?"

"काय नवीन, ताई?"

"अहो, दावणची नवी आवृत्ती. पुसायच्या आधी ते विचारतं ते. बघितलं का?"

"थांबा, बगते." फोनमध्ये घुंगरांचा आणि शेणाच्या पाटीचा आवाज आला. "हाय की. होतं तसंच हाय. मराठीत हाय. काल मी दोन कालवडी भरल्या त्यात. कामून, काय झालं?"

"काही नाही. सहज विचारलं."

"बरं, ठेवते मग. गाय पान्हावलीय."

त्यांनी फोन ठेवला. सोयाबीन, ट्रॉली, उदगीरची एस.टी., सरांचं न जेवलेलं ताट, मार्टिनशी वर्षभर घातलेला वाद, आणि बाईंना काही फरकच जाणवला नव्हता. मी एवढी चिडले की चकल्यांचा एक घाणा करपला. मग तेवढ्याच रागारागात सरांना फोन केला आणि बाई काय म्हणाल्या ते शब्दशः सांगितलं. सर खुशीत हसले. मग म्हणाले, "मॅडम, 'होतं तसंच हाय' म्हणाल्या? परत एकदा सांगा."